घराची वही

‘मागच्या दाराची कडी आधी वर उचलायची, मग ओढायची.’

आमच्या मेळघाटातल्या, सेमाडोहच्या घराच्या वहीतलं हे पहिलं वाक्य. ते लिहायला मला अर्धा तास लागला. चाळीस वर्षं माझा हात ती कडी काढतो आहे. पण कशी काढतो, हे त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं. शेवटी पेन खाली ठेवून दारापाशी गेले, दोन-तीनदा कडी काढून-लावून पाहिली, आणि मग हाताला जे कळत होतं ते कागदावर उतरवलं.

2018 च्या दिवाळीत हे घर आम्ही बारा दिवसांसाठी देवगड तालुक्यातल्या एका शिक्षक कुटुंबाला राहायला दिलं. त्याच बारा दिवसांत आम्ही त्यांच्या घरात राहिलो. भाडं नाही, डिपॉझिट नाही. राहायला येणाऱ्यांसाठी सूचनांची वही मात्र दोन्ही घरांची होती.

घर आजोबांचं, 1950 च्या आसपासचं. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांनी किराणा दुकान टाकलं. पुढे दुकान, मागे घर. सागाचे बारा खांब, बांबूच्या कुडाच्या भिंती, त्यांना माती-शेणाचा लेप, वर गावठी कवेलू. मागच्या अंगाला सिपना नदी; पावसाळ्यात तिचा आवाज चुलीपर्यंत येतो. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. वडील गेल्यावर दुकान बंद झालं, पण दुकानाच्या फळ्या अजून जागच्या जागी आहेत. मी परतवाड्याला शाळेवर, भाऊ पुण्याला, आणि आई वर्षातले दहा महिने सेमाडोहलाच.

अदलाबदलीची कल्पना माझी नव्हे. 2017 च्या उन्हाळ्यात पुण्यात एका प्रशिक्षणाला गेले होते. मेसमध्ये समोर बसलेल्या देवगडच्या सरांच्या गळ्यात दुर्बीण. मी सेमाडोहची म्हटल्यावर त्यांचं जेवण राहिलंच. चितमपल्लींची सगळी पुस्तकं त्यांनी वाचलेली. मेळघाटात चितमपल्ली वनाधिकारी होते, हे सर मलाच सांगत होते. त्यांना पाहायचा होता रानपिंगळा, एक लहानसं घुबड. 1884 नंतर तो कुणाला दिसलाच नव्हता, संपला असंच लोक धरून चालले होते, आणि 113 वर्षांनी, 1997 मध्ये, शहाद्याजवळच्या जंगलात सापडला. पुढे मेळघाटातही आढळला. मी म्हटलं, या की मग, वन खात्याचं पर्यटन संकुल आहे गावात. सर म्हणाले, ‘तिथं दोन दिवस राहता येईल. मला सुट्टी काढायची आहे. दोन मुलं आहेत, बायको आहे, आणि पगार तुमच्याएवढाच आहे.’ मग हसून म्हणाले, ‘तुम्ही आमच्याकडे या, आम्ही तुमच्याकडे जातो.’

ते गमतीत बोलले होते. परत येताना बडनेऱ्यापर्यंत मी त्याचाच विचार करत होते. हे काही नवं नाही, असं नंतर वाचनात आलं. युरोपात 1953 मध्ये काही शिक्षकांनी एकत्र येऊन सुट्टीत एकमेकांच्या घरी राहायची पद्धत बसवली. ‘इंटरव्हॅक’ या नावानं ती अजून चालू आहे. शिक्षकांनाच हे सुचावं यात मला काही नवल वाटलं नाही. लांब सुट्टी आणि आखूड पगार असला की अशी अक्कल येते.

भावाला फोन केला. त्याचं म्हणणं सरळ होतं: फुकट कशाला, होमस्टे काढ. रस्त्यावरचं घर, मागे नदी, चार खोल्या होतील, पुण्याचे लोक म्हणशील तेवढे पैसे देतील. त्याचं गणित चुकीचं नव्हतं. पण तसे होमस्टे मी पाहिलेत. सिमेंटच्या भिंतीवर बांबूची चित्रं, चूल फोटोपुरती, आणि घरचं माणूस मागच्या खोलीत गप्प बसून. पैसे घेतले की येणाऱ्याला तक्रारीचा हक्क येतो, आणि तक्रार नको म्हणून घराचं एकेक हाड बदलावं लागतं. आधी दार, मग फरशी, मग छत. आमच्या घराचं दार पावसाळ्यात फुगतं, म्हणून ते बदलायचं का? अदलाबदलीत येणारा माणूस दाराशी झटतो, कारण त्याच वेळी आपण त्याच्याकडे कुठल्यातरी दाराशी झटत असतो. हे भावाला नीट सांगता आलं नाही. तो म्हणाला, ‘तुझी मर्जी. पण काही लेखी घे.’ आम्ही साध्या कागदावर चार ओळी लिहून सह्या केल्या.

आईचं प्रकरण अवघड होतं.

‘कायले देते वो आपलं घर परक्याले? लोकं काय म्हनतीन? दिवाळीले घरची मानसं बाहेर अन् घरात दुसरेच.’

मग थोडं थांबून, तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता तिनं विचारलं, ‘कोन हायेत ते?’

शाळेत रोज सकाळी मी मुलांकडून संविधानाची उद्देशिका म्हणवून घेते. घरात त्या प्रश्नाला मी उत्तर दिलं, ‘मास्तर हायेत.’

‘मास्तर काय जात हाये का?’

मी उत्तर दिलं नाही. तिनंही परत विचारलं नाही. हा तिढा आम्ही तेव्हा सोडवला नाही, नुसता ओलांडला, हे इथं कबूल करते. दुसरा प्रश्न मात्र ओलांडता येण्यासारखा नव्हता. आई माळकरी. येणारे देवगडचे, म्हणजे मासे आलेच. तिच्या चुलीवर, तिच्या भांड्यांत? मी सरांना फोन करून जसं आहे तसं सांगितलं. ते म्हणाले, ‘बाई, सेमाडोहला ताजे मासे कुठले मिळणार? बारा दिवस आम्ही शाकाहारी.’ कोकणातल्या माणसाची सिपनेबद्दलची माहिती तोकडी पडणार होती, ते पुढे येईलच.

गावात बातमी पसरली ती वेगळ्याच रूपात. शेजारची कोरकू मावशी एका संध्याकाळी ओसरीवर येऊन बसली. बराच वेळ इकडचं-तिकडचं बोलून शेवटी म्हणाली, ‘पॅकेज कितीचं भेटलं, बाई?’

मला कळेचना. मग लक्षात आलं. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला एक, 1974 पासूनचा. जंगलाच्या गाभ्यातली गावं उठवायला सुरुवात झाली ती बोरी, कोहा, कुंड या गावांपासून. नंतर कुटुंबामागे दहा लाखांचं पॅकेज आलं आणि आणखी गावं खाली उतरली, बरीचशी अकोटकडच्या सपाटीला. इथं ‘घर देणं’ म्हणजे एकच गोष्ट. कुणीतरी साहेब येतो, यादीत नाव लागतं, पैसे बँकेत पडतात आणि घर जातं.

‘पैसे नाही भेटले, मावशी. त्यायचं घर भेटलं.’

‘कुठं? अकोटकडे?’

‘नाही. लांब. समुद्राजवळ. बारा दिवसांसाठी.’

‘अन् मंग?’

‘मंग वापस. ते त्यायच्या घरी, आपन आपल्या.’

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग अंगणात उभ्या बायकांना तिनं कोरकूत काहीतरी सांगितलं आणि सगळ्या जणी मोठ्यानं हसल्या. त्यात ‘वापस’ हा एकच शब्द मला कळला. मावशीची मोठी बहीण उठलेल्या एका गावातली. पुढे एकदा ती जुनं गाव पाहायला गेली होती. तिथं आता गवत आहे, सांबरं चरतात, आणि तिच्या दारातलं मोहाचं झाड तेवढं उभं आहे, हे मावशीनंच मला त्या संध्याकाळी उठता उठता सांगितलं.

त्यानंतर मी गावात ‘घर दिलं’ असं म्हणणं सोडलं. ‘पाहुणे येणार आहेत’ एवढंच सांगायला लागले.

सप्टेंबरपासून दर शनिवार-रविवार मी सेमाडोहला. आधी छत. वानरांनी पावसाळ्याच्या आधीच शे-दीडशे कवेलू फोडले होते. गावठी कवेलू आता करतं कोण? एकच मार्ग असतो. कुणाला घरकुल मंजूर झालं की तो जुनं घर मोडतो, तेव्हा त्याचे कवेलू विकत घ्यायचे. तसे मिळाले, नगाला अडीच रुपये. कवेलू फेरायला आलेला म्हातारा म्हणाला, ‘बाई, हे तुमच्या घरापरीस जुने हायेत.’ कुणाच्यातरी आजोबांच्या घराचं छत आमच्या आजोबांच्या घरावर चढलं.

भिंती पांढऱ्या मातीनं पोतारल्या, जमीन सारवली. न्हाणीत नवा दिवा लावला. संडास परसात आहे, रात्री तिथं जायचं तर बॅटरी लागते. दोन बॅटऱ्या दाराशी टांगल्या. आणि एका रविवारी मी एक चूक केली. आईची खोली सामानासकट बंद करून तिला कुलूप लावलं. पितळी भांडी, जुने फोटो, आजोबांच्या जंगल खात्याच्या पावत्यांचा पत्र्याचा डबा, सगळं आत. बाहेर येऊन घर पाहिलं तर ते चौकीदाराच्या खोलीसारखं दिसायला लागलं होतं. बंद खोली राहणाऱ्याला रोज सांगत राहते की तुझ्यावर विश्वास नाही. कुलूप काढलं. आईनं तिची ट्रंक तेवढी बंद केली, आणि देवघराबद्दल मी विचारायच्या आत म्हणाली, ‘देव उघडेच राहू दे. दिवा कोन लावन मंग?’

मग वही. शंभर पानी, दोन रेघी, शाळेतलीच. मला वाटलं होतं चार पानांत काम होईल. चौतीस पानं झाली.

कारण घरातल्या प्रत्येक गोष्टीला एक हात लागतो आणि तो हात आपल्याला दिसत नसतो. चुलीचं तोंड पूर्वेला आहे, पण वारा सुटला की धूर माजघरात येतो, तेव्हा मागचं दार लोटून घ्यायचं, बंद करायचं नाही. जोडे घालण्याआधी झटकायचे, विंचू असतो. अंथरूण घालण्याआधी गादी उलटी करून पाहायची. वानरं सकाळी आठच्या सुमाराला येतात. ओरडायचं नाही, थाळी वाजवायची. त्यांना खायला द्यायचं नाही, मुलांनी हट्ट केला तरी. तिसऱ्या खांबाला टेकायचं नाही, त्याला तेल लावलेलं असतं. लाइट गेली तर ती कधी येईल हे कुणालाच विचारू नये. मोबाइलला रेंज हवी असेल तर रस्ता ओलांडून मैलाच्या दगडापाशी उभं राहायचं, तोंड धारणीकडे. आरोग्य केंद्र कुठं, दूध कुणाकडून, गवळ्याचा खवा कोणत्या दिवशी परतवाड्याला जातो म्हणजे त्याच्या आदल्या दिवशी मागायचा. अंधार पडल्यावर नदीकडे जायचं नाही. हे मी दोनदा लिहिलं, दुसऱ्यांदा लाल शाईनं.

एक नोंद लिहू की नको, असं झालं होतं. तेव्हा दुकान बंद होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी एखादा म्हातारा पहाटे येऊन फळीवर टकटक करायचा आणि माचिस मागायचा. तो विसरलेला नसायचा. त्याला सवय असायची, इतकंच. आई त्याला घरातली माचिस द्यायची आणि रुपया घ्यायची. लिहिलं: ‘पहाटे कुणी फळी वाजवली तर घाबरू नये. माचिस कोनाड्यात आहे.’

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते आले आणि आम्ही निघालो. ओसरीवर फक्त तासाभराची भेट. सरांच्या बायकोनं, मॅडमनी, आईच्या पाया पडून किल्ली घेतली. आईनं चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवला होता, तो दाखवला आणि म्हणाली, ‘हा विझू देजो नोको, बाई.’ बारा दिवस तो विझला नाही, असं पुढे वहीत लिहिलेलं होतं. मला ते खरं वाटत नाही, पण आईला वाटतं.

बडनेरा ते मुंबई, मुंबई ते कणकवली, तिथून एसटी. आईसोबत पिशवीभर ज्वारीचं पीठ. देवगडकडचं ते घर जांभ्या चिऱ्याचं, शंभरेक वर्षांचं. पुढे खळं म्हणजे अंगण, मग पडवी, माजघर, मागे परसू आणि विहीर. आमच्याकडचे कवेलू तिथं नळे झाले. आपण फेरतो, ते परततात. वानरं दोन्हीकडे तीच. त्यांची वही सहाच पानांची, गणिताच्या शिक्षकानं लिहावी तशी. आकडे, बाण, पंपाची आकृती.

पहिल्या रात्री आई उठून बसली.

‘हे ट्रक कवा थांबतात वो?’

‘ट्रक नाहीत आई. समुद्र हाये.’

ती ऐकत राहिली. ‘रातभर चालते?’

‘हो.’

‘मंग बरं हाये,’ म्हणाली आणि झोपली. सेमाडोहला परतवाडा–धारणी रस्त्यावरच्या ट्रकच्या आवाजात ती पन्नास वर्षं झोपलेली आहे. पुण्याला भावाच्या अकराव्या मजल्यावर तिला झोप येत नाही. तिथं फार शांत असतं म्हणते.

नरक चतुर्दशीच्या पहाटे आम्ही तुळशीपाशी गेलो तर तिथं एक हिरवं, लहानसं फळ ठेवलेलं. सोबत चिठ्ठी: ‘हे कारीट. डाव्या पायाच्या अंगठ्यानं फोडावं. मग आत जाऊन पोहे खावेत, ओटीवरच्या डब्यात आहेत.’ निघण्याच्या गडबडीत त्यांनी आमच्यासाठी कारीट शोधून आणून ठेवलं होतं. आईनं ते फोडलं. तिला त्यातला नरकासुर लगेच कळला, कारण काहीतरी पायाखाली फोडायचं म्हणजे ते वाईटच असणार. शेजारच्या काकी डोकावून म्हणाल्या, ‘चाय घेतलास?’ आणि उत्तराची वाट न पाहता गूळ घातलेला चहा घेऊन आल्या. माझी वऱ्हाडी आई आणि त्या मालवणी काकी तासभर बोलल्या. दोघींना एकमेकींचं किती कळलं, देव जाणे.

मग पंप. त्यांच्या वहीत पहिल्याच पानावर होतं: पंपात आधी पाणी भरा, मगच बटण दाबा. खाली दोन रेघा. मी ते वाचलं होतं. चौथ्या दिवशी घाईत तसंच बटण दाबलं आणि जळका वास आला. वाइंडिंग गेलं. अठराशे रुपये मेकॅनिकला दिले आणि वहीत तारखेसह लिहिलं, चूक कुणाची तेही. शाळेत पोरं सूचना न वाचता पेपर सोडवतात म्हणून मी वीस वर्षं ओरडते आहे.

आईचं मन मात्र खळ्यात अडकलं. पावसाळा संपल्यावर तिकडे खळं नव्यानं करतात. त्यांचं निम्मं झालं होतं, निम्मं आमच्या येण्यामुळे राहिलं होतं. आईनं कुणाला न विचारता शेजारच्या गोठ्यातून शेण आणवलं आणि उरलेलं खळं सारवून काढलं. आमच्याकडे सारवताना हात अर्धगोल फिरतो आणि कडेला पांढऱ्या मातीची पट्टी ओढतात. पांढरी माती तिथं कुठली? तिनं रांगोळीचं पीठ कालवलं. वाडीतल्या बायका बघायला आल्या. मला संकोच वाटला, दुसऱ्याच्या अंगणात हा काय कारभार. मॅडमना फोनवर सांगितलं तर त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, ‘आमची सासू गेल्यापासून दोन वर्षं ते मजूर लावून करतो आहोत.’

परतल्यावर आमच्या वहीच्या पस्तिसाव्या पानापासून त्यांचं अक्षर होतं. सर आणि मॅडम आळीपाळीनं लिहीत होते, अधूनमधून मुलीचं चित्र. आईला वाचता येत नाही. मी ओसरीवर बसून मोठ्यानं वाचलं.

पहिल्या रात्री छतावर कुणीतरी चालतंय म्हणून चौघं जागे. सर बॅटरी घेऊन बाहेर, मुलं रडवेली. शेवटी शेजारच्या मावशीला हाक मारली. ती काठी घेऊन आली, वर पाहिलं, हसली आणि परत गेली. उदमांजर होतं. ते मी चौतीस पानांत लिहायचं विसरले होते, कारण तो आवाज मला आता ऐकूच येत नाही.

रानपिंगळा दिसला नाही. अंगणाच्या खांबावर साधा पिंगळा रोज संध्याकाळी येऊन बसायचा, त्याचीच तीन पानं भरली होती.

‘आज पहाटे फळी वाजली. तीन दिवसांत तीन माचिस विकल्या. तीन रुपये कोनाड्यात.’ रुपये तिथं होते.

दिवाळीनंतर थाट्या आले. डोक्याला तुरे, हातात भुगडू. आमच्याकडे गुरं राखणारे हे लोक दिवाळीत दारोदार भुगडू वाजवत नाचतात. पुढे धारणीकडच्या आठवडी बाजारांत त्यांची गर्दी होते, त्याला घुंगरू बाजार म्हणतात. पाहुण्यांना काय द्यायचं ठाऊक नव्हतं, वहीत मी तेही लिहिलं नव्हतं. मावशीनं सूपभर धान्य त्यांच्या हातात ठेवलं आणि ते द्यायला लावलं. सरांनी खाली लिहिलं होतं: ‘हे धान्य कुणाचं हे विचारायचं राहिलं.’ मावशीचंच होतं. मी विचारलं तेव्हा तिनं हात उडवला.

मग एक नोंद मॅडमच्या अक्षरात, थोडी तिरकी: ‘काल मावशींनी सिपनेतले मासे आणून दिले. नाही म्हणवेना. परसात तीन दगड मांडून, त्यांच्याच मडक्यात शिजवले, पत्रावळीवर खाल्ले. घरातलं एकही भांडं घेतलं नाही. आजींना सांगावं.’

मी थांबले. आई काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘खरं सांगलं नं? मंग झालं.’ ते तीन दगड तिनं उचलले नाहीत. अजून परसात आहेत.

सगळ्यात शेवटी मुलीचं चित्र होतं. आमच्या माजघराचा आडवा वासा, आणि त्यावर एक गोल खूण. खाली लिहिलेलं: ‘लाकडावर शिक्का का आहे?’ मी स्टूल घेऊन चढले. खरंच होता. धुरानं काळ्या पडलेल्या सागावर, हात फिरवला तरच जाणवेल असा, हातोड्यानं ठोकलेला. जंगलातलं लाकूड कायदेशीर तोडून बाहेर काढलं की वन खातं त्यावर अशी खूण ठोकतं. आजोबांच्या पत्र्याच्या डब्यातल्या पावत्या मी लहानपणापासून पाहिलेल्या. पण ज्या लाकडाच्या त्या पावत्या, ते माझ्या डोक्यावर होतं आणि मी कधी वर पाहिलं नव्हतं. नऊ वर्षांच्या मुलीनं खाली झोपून छताकडे पाहिलं, कारण टीव्ही नव्हता.

त्यानंतर आणखी तीन कुटुंबं राहून गेली. एक नागपूरचं, एक बेळगावचं, एक सोलापूरचं. मधली दोन वर्षं कोरोनानं खाल्ली. बेळगावच्या घराला जिना इतका उभा होता की आईनं वरचा मजला पाहिलाच नाही. नागपूरच्यांशी फारसं जमलं नाही. त्यांना एसी हवा होता, आणि खरं सांगायचं तर आम्हाला त्यांचा फ्लॅट नको होता. घराला घर मिळावं, ही माझी अट तेव्हापासून पक्की झाली. परदेशातल्या एका मराठी कुटुंबानंही विचारणा केली. परदेशी पासपोर्टवाला मुक्कामाला आला की 24 तासांत त्याच्या नोंदीचा फॉर्म भरावा लागतो, हे त्यानिमित्तानं कळलं. आमच्या मैलाच्या दगडापाशी उभं राहून ऑनलाइन फॉर्म भरणं माझ्या आवाक्याबाहेरचं वाटलं, आणि ते राहून गेलं.

वही आता दुसरी सुरू आहे. मागच्या दाराची कडी गेल्या वर्षी सुताराकडून नीट करून घेतली. आता ती सरळ ओढली की निघते, म्हणून पहिलं वाक्य खोडलं. आईचा हात अजून आधी वर उचलतो.

येत्या दिवाळीसाठी घर अजून कुणाला दिलेलं नाही. जुनं, राहतं घर असेल आणि त्याची वही लिहायची तयारी असेल, तर परतवाड्याहून धारणीकडे निघा. सेमाडोहात रस्त्यालगत बंद फळ्यांचं दुकान कुणीही दाखवील. आईची एकच अट आहे. तुमच्याकडे रात्रभर काहीतरी वाजत असलं पाहिजे. ट्रक किंवा समुद्र, दोन्हीपैकी एक चालेल.